स्विचला वेळ कशाला कळायला हवी?

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. मराठी माणसाच्या आठवणीत हा भूकंप ११ तारखेचा आहे. आंतरराष्ट्रीय भूकंपसूचींत मात्र तो १० डिसेंबरला रात्री १० वाजून ५१ मिनिटांनी झाल्याची नोंद आहे. यात चूक कोणाचीच नाही. भूकंपशास्त्रज्ञ आपल्या नोंदी जागतिक वेळेत ठेवतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे चालते. तारखा दोन असल्या तरी क्षण एकच आहे, असे आपण छातीठोकपणे सांगू शकतो ते एका अटीवर: नोंद करणाऱ्या प्रत्येकाचे घड्याळ बरोबर होते आणि ते कोणत्या प्रमाणाने चालत होते हेही लिहून ठेवलेले होते. हीच अट कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या रॅकमध्ये बसवलेल्या नेटवर्क स्विचलाही लागू होते. तिथे ती सहज विसरली जाते, कारण ती पाळली नाही तरी रोजच्या कामात काहीच अडत नाही.

स्विचचे काम साधे असते. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस पोर्ट असलेल्या त्या पेटीला कार्यालयातले संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे आणि वाय-फायची उपकरणे जोडलेली असतात. एका पोर्टवर आलेली माहिती कोणासाठी आहे हे पाहायचे आणि ती नेमक्या पोर्टने पुढे धाडायची, एवढेच त्याला करायचे असते. कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर आहे याचा तक्ता तो स्वतःच तयार करतो, आणि एखादे यंत्र साधारण पाच मिनिटे गप्प राहिले तर त्याचे नाव तक्त्यातून काढून टाकतो. ही पाच मिनिटे मोजायला ‘किती वेळ झाला’ एवढे कळले तरी पुरते. ‘आज तारीख काय’ हे कळण्याची गरज नसते. म्हणून तारीख चुकलेला स्विचही माहिती तितक्याच वेगाने पोचवतो. शिवाय अनेक स्विचमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसतेच. वीज गेली, यूपीएसही संपला, की त्यांची वेळ पुसली जाते. सिस्को कंपनीचे अनेक जुने स्विच पुन्हा सुरू झाले की १ मार्च १९९३ पासून वेळ मोजू लागतात. इतर काही उपकरणे १ जानेवारी १९७० पासून सुरुवात करतात. जिथे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तिथल्या एकाच इमारतीतले चार स्विच चार निरनिराळ्या वर्षांत वावरत असू शकतात. आणि तरीही इंटरनेट चालू असते, पगारबिले निघत असतात, कोणाची तक्रार येत नाही.

मग बिघडते कुठे? बिघडते ते काहीतरी घडून गेल्यावर. स्विच माहिती पोचवतो, शिवाय आपल्यापुरती रोजनिशीही लिहितो. अमुक पोर्ट बंद पडला, तमुक सुरू झाला, कोणीतरी चुकीचा पासवर्ड टाकला, सेटिंग बदलले गेले, अशा प्रत्येक घटनेपुढे वेळ टाकून तो एक ओळ नोंदवतो. या रोजनिशीला लॉग म्हणतात. समजा, एखाद्या महाविद्यालयात कोणीतरी लोंबकळणाऱ्या केबलची दोन्ही टोके भिंतीवरच्या दोन सॉकेटमध्ये खोचली. लूप तयार झाला, आणि त्यापासून बचावाची व्यवस्था चालू नसेल तर तोच तो संदेश गरगर फिरत, वाढत जाऊन काही क्षणांत सगळे नेटवर्क गुदमरते. वीस स्विचच्या वीस लॉगमध्ये त्याच्या खुणा उमटतात. कारण शोधणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते: पहिली खूण कुठे उमटली? सगळ्यांची घड्याळे जुळलेली असतील तर वीस लॉग वेळेनुसार एकाखाली एक लावले की उत्तर बहुधा पहिल्याच काही ओळींत सापडते. ती जुळलेली नसतील तर वीस खऱ्या नोंदी हातात असूनही त्यांचा क्रम लावता येत नाही. क्रम नसेल तर कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे: स्विचचे घड्याळ वेळ दाखवण्यासाठी नसून नोंदींना क्रम देण्यासाठी आहे, आणि म्हणून ते एकट्या स्विचचे घड्याळ असून चालत नाही, ते सगळ्यांचे सामाईक असावे लागते.

सामाईक घड्याळाची किंमत किती, हे याच मुलखातल्या भूकंपांच्या अभ्यासावरून मोजता येते. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि पाठोपाठ परिसरात धक्के जाणवू लागले. पुढे सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यातल्या चांदोलीला वारणा नदीवरचा जलाशय १९८०च्या दशकात भरू लागल्यावर हालचालींचा पट्टा दक्षिणेकडे पसरला. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांनी या पट्ट्याचा अनेक दशके अभ्यास केला. सातारा-सांगलीच्या सीमेवरचे हे भूकंपक्षेत्र साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद आहे. भूकंपाची प्राथमिक लहर खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने धावते. ती निरनिराळ्या केंद्रांवर केव्हा पोचली, या वेळांच्या फरकावरून भूकंप नेमका कुठे आणि किती खोल झाला हे काढतात. आता एका केंद्राचे घड्याळ एक सेकंदाने चुकले, तर त्या केंद्रापासूनच्या अंतराचा हिशेब सहा किलोमीटरने घसरतो. वीस किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात सहा किलोमीटरची चूक म्हणजे कोणता भ्रंश हलला हे सांगण्याची क्षमताच गमावणे. म्हणून आजच्या भूकंपकेंद्रांवर उपग्रहांकडून वेळ घेतली जाते. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे याच अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली, पाटण तालुक्यात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणले. इतका खटाटोप करून मिळवलेल्या मोजमापांचा अर्थ शेवटी घड्याळे जुळण्यावरच अवलंबून असतो.

भूकंपाचा जाणकार इथे एक रास्त शंका काढेल. एकाच केंद्रावर प्राथमिक आणि दुय्यम लहरी किती अंतराने पोचल्या यावरून भूकंप किती दूर झाला हे काढता येते. त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या घड्याळाशी जुळण्याची गरज नसते. हे खरे आहे, आणि स्विचलाही ते लागू पडते. एकाच स्विचच्या लॉगमध्ये आधी काय आणि नंतर काय झाले, हे त्याचे घड्याळ १९९३ सालात असले तरी कळते. पण एका केंद्रावरून अंतर मिळते, ठिकाण मिळत नाही. आणि एका स्विचवरून त्या स्विचचीच हकीकत मिळते, नेटवर्कची नाही. अनेकांची साक्ष एकत्र वाचायची वेळ आली की खासगी घड्याळ निकामी ठरते.

समाजाच्या पातळीवरही हेच घडले आहे. सातारा पूर्व रेखांशाच्या सुमारे ७४ अंशांवर आहे, सांगली त्याच्या अर्धा-पाऊण अंश पूर्वेला. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांच्या रेखांशावरून ठरते. हिशेब केला तर साताऱ्याचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३४ मिनिटे मागे चालतो, सांगलीचा ३२ मिनिटे. दोन्ही गावांच्या स्वतःच्या सूर्यवेळांत दोनेक मिनिटांचा फरक आहे, आणि बाजार, शेती, देवपूजा यांना तो कधी बोचला नाही. रेल्वे आणि तारायंत्राने गावे जोडली तेव्हा तो बोचू लागला. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे वेळापत्रक मद्रास वेळेवर चाले, तर मुंबई आपल्या ‘बॉम्बे टाइम’ला धरून होती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली; तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला बॉम्बे टाइम मात्र मुंबईत काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून होता. त्या हट्टात ब्रिटिश सत्तेविरुद्धचा राग होता आणि स्थानिक स्वाभिमानही होता. पण जोडणी जसजशी घट्ट झाली तसतशी वेगळी वेळ परवडेनाशी झाली. स्विचचा तर जन्मच जोडण्यासाठी आहे. ज्याने सगळ्यांना जोडायचे त्यानेच वेगळ्या वेळेत राहावे, हे या इतिहासाला धरून होत नाही.

आता प्रश्न येतो तो ही वेळ लावायची कशी याचा. पहिला मार्ग हाताने लावण्याचा. स्विचवर लॉगिन करायचे, ‘क्लॉक सेट’ ही कमांड द्यायची आणि मनगटावर पाहून वेळ टाकायची. एखाद्या स्विचवर तातडीची दुरुस्ती म्हणून हे ठीक आहे. पण हा कायमचा उपाय होत नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे स्विचमधला क्वार्ट्‌झ स्फटिक. तो दहा लाखांत वीस भागांनी चुकत असला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळपास मिनिटभर फरक पडतो. आणि तापमानानुसार प्रत्येक स्फटिकाची चूक वेगळी असते, त्यामुळे एकाच दिवशी लावलेली घड्याळे एकमेकांपासूनही दूर जातात. दुसरे कारण असे की हाताने दिलेली वेळ सेटिंगच्या फाइलमध्ये साठत नाही. बॅटरी नसलेल्या स्विचवर वीज गेली की ती नाहीशी होते. दुसरा मार्ग एनटीपीचा. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी घडवलेली ही पद्धत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सुधारणा होत आजही जगभर चालू आहे. स्विच वेळेच्या सर्व्हरला विचारणा पाठवतो आणि चार वेळा टिपल्या जातात: विचारणा निघाली, पोचली, उत्तर निघाले, पोचले. जाण्यायेण्यात किती वेळ गेला हे या चार आकड्यांतून वजा करता येते आणि आपले घड्याळ किती चुकले आहे ते उरते. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागतो असे यात गृहीत धरलेले असते. ते नेहमी तंतोतंत खरे नसते, म्हणून इंटरनेटवरून मिळणाऱ्या वेळेत काही मिलिसेकंदांची, कधी दहा-वीस मिलिसेकंदांची चूक राहते. इमारतीतल्या नेटवर्कमध्ये ती मिलिसेकंदाच्याही खाली येऊ शकते. ही विचारणा सतत चालू राहत असल्याने स्फटिकाची चूक साचत नाही, आणि सर्व्हरचा पत्ता सेटिंगमध्ये साठत असल्याने वीज परत आली की स्विच आपली वेळ आपण लावून घेतो.

एनटीपी लावल्यावरही एक चूक हमखास होऊ शकते, आणि तिचे मूळ कोयनेच्या त्या दोन तारखांतच आहे. एनटीपी सर्व्हर नेहमी जागतिक वेळच सांगतो. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे काम स्विचचे, आणि त्यासाठी त्याला आपला वेळविभाग सांगावा लागतो. सिस्कोच्या स्विचवर ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०’ असे लिहितात. यातले ३० विसरले तर सगळे लॉग अर्ध्या तासाने चुकतात. वेळविभाग न सांगता हाताने भारतीय वेळ टाकली, तर पडद्यावर आकडे बरोबर दिसतात, पण स्विच ती जागतिक वेळ समजतो, म्हणजे आतून तो साडेपाच तास पुढे असतो. पुढे कोणी एनटीपी चालू केले की घड्याळ एकदम साडेपाच तास मागे उडी मारते आणि दोष एनटीपीला दिला जातो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी वेळविभाग, मग एनटीपी, आणि लॉगच्या प्रत्येक ओळीत वेळविभागाचे नाव छापण्याची सूचना. लॉग भारतीय वेळेत ठेवावेत की जागतिक वेळेत, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. एकाच जिल्ह्यात काम करणाऱ्या संस्थेला भारतीय वेळ सोयीची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळे पुढेमागे करण्याची प्रथा नसल्याने त्यात संदिग्धताही येत नाही. कोणतीही एक वेळ निवडली तरी चालते. कोणती निवडली हे ओळीत लिहिलेले नसेल, तर मात्र नोंद अपुरी राहते.

या सगळ्यावर अनुभवी नेटवर्क अ‍ॅडमिनचा पहिला आक्षेप असा असतो: सगळ्या स्विचचे लॉग आम्ही एका मध्यवर्ती सर्व्हरवर गोळा करतो; ओळ आली की सर्व्हर स्वतःची वेळ टाकतोच, मग प्रत्येक स्विचचे घड्याळ कशाला? शांत दिवशी हा युक्तिवाद टिकतो. पण लॉगची गरज पडते ती अशांत दिवशी. लूप होऊन नेटवर्क तुंबले की काही ओळी वाटेत हरवतात आणि काही उशिरा पोचतात. जो स्विच मुख्य जोडणीपासून तुटला, त्याच्या ओळी तर त्याच्याच स्मृतीत अडकून राहतात. पोचण्याचा क्रम म्हणजे घडण्याचा क्रम नव्हे, आणि दोन्हींत सर्वांत मोठी तफावत नेमकी संकटाच्या वेळी पडते. दुसरा आक्षेप अचूकतेचा असतो: एवढी काटेकोर वेळ आम्हाला लागते कुठे? यावर उत्तर सरसकट देता येत नाही, ते घटनेच्या वेगावर ठरते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. या नोंदीत मिनिटभराची चूक झाली तर बिघडत नाही, कारण नदी तासातासाने चढते. भूकंपाच्या लहरीला सेकंदाचा शंभरावा भागही मोलाचा वाटतो. नेटवर्कमधल्या घटना मिलिसेकंदांत घडतात, म्हणून तिथे महिन्याला मिनिटभर चुकणारे घड्याळ नदीच्या कामाचे असले तरी स्विचच्या कामाचे नाही. तिसरा आक्षेप सुरक्षेचा: वेळेसाठी प्रत्येक स्विचला इंटरनेट खुले करायचे का? करू नये. संस्थेतल्या एक-दोन यंत्रांनीच बाहेरून वेळ घ्यावी आणि बाकी सर्वांनी त्यांच्याकडून. जिथे इंटरनेट अजिबात नको, तिथे छतावर अँटेना लावून उपग्रहाची वेळ घेणारे घड्याळ बसवता येते.

एवढ्यावर कोणी म्हणेल की आतली सगळी घड्याळे एकमेकांशी जुळली म्हणजे झाले, मग ती जगाशी जुळोत न जुळोत. आतल्या बिघाडापुरते हे बरोबर आहे. पण घटनेचा धागा दाराबाहेर गेला की बाहेरच्यांच्या नोंदींशी मेळ घालावा लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि बनावट कार्डांनी पैसे काढले गेले ते २८ देशांतल्या एटीएममधून, त्याशिवाय कोल्हापूरसारख्या भारतातल्या शहरांमधूनही. अशा गुन्ह्याचा माग काढायचा तर बँकेतल्या व्यवहाराची नोंद, एटीएमची नोंद, कॅमेऱ्यातले चित्रण आणि मोबाइल कंपनीचा तपशील एका वेळरेषेवर मांडावा लागतो. यांतले एक घड्याळ जरी दहा मिनिटांनी चुकले, तरी कॅमेऱ्यात दिसणारा माणूस आणि पैसे काढणारा माणूस एकच आहे, हे ठरवताना शंकेला जागा राहते. कायद्याची दिशाही हीच आहे. संगणकीय सुरक्षेसाठीची केंद्रीय संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार शासकीय कार्यालये, कंपन्या आणि सेवा पुरवठादारांनी आपल्या सर्व प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवायची आहेत. लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. हे सहा तास मोजायलाही घड्याळच लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना ती तयार करणारे उपकरण त्या काळात नीट चालत होते, हे प्रमाणपत्रासह सांगावे लागते. ज्या स्विचचा लॉग १९९३ साल दाखवतो, त्याबद्दल अशी ग्वाही देताना सही करणाऱ्याचा हात अडखळेल, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न त्याच ओळीवर येईल.

हे सगळे पाहता स्विचचे घड्याळ लावणे ही बसवणाऱ्याच्या मर्जीवर सोडायची बारीकसारीक बाब राहत नाही. त्याला पैसे लागत नाहीत. एनटीपीची सोय बहुतेक व्यवस्थापनयोग्य स्विचमध्ये असतेच आणि सरकारी वेळ फुकट मिळते. लागते ती जबाबदारी ठरवण्याची. सातारा-सांगलीतल्या कोणत्याही बँकेने, कारखान्याने किंवा महाविद्यालयाने नेटवर्कच्या निविदेत पोर्टांची संख्या आणि वेग लिहितात तिथेच दोन ओळी घालाव्यात: प्रत्येक उपकरण ठरलेल्या दोन सर्व्हरकडून वेळ घेईल, आणि काम हातात घेताना प्रत्येक उपकरणाची वीज एकदा बंद करून, ते पुन्हा सुरू झाल्यावर वेळ आपोआप बरोबर येते की नाही हे तपासले जाईल. ही चाचणी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, पुन्हा करावी. ज्या दिवशी लॉगची गरज पडते त्या दिवशी घड्याळ लावून उपयोग नसतो, कारण चुकीच्या वेळेने लिहिल्या गेलेल्या ओळी मागाहून दुरुस्त करता येत नाहीत.